शोधयंत्र-जोडणी, ब्राउझरमधील

विश्वजालावरील (वर्ल्ड वाइड वेबवरील) पाने ज्या संगणकीय कार्यक्रमातून पाहिली जातात, त्यास ब्राउझर (न्याहाळक) म्हणतात. ब्राउझरच्या पत्ता-पट्टीत किंवा शोधपेटीत लिहिलेले शब्द कोणत्या शोधयंत्राकडे जावेत हे वापरणाऱ्याने स्वतः ठरविणे, आणि त्यासाठी आपल्या पसंतीचे शोधयंत्र ब्राउझरला जोडून देणे, या क्रियेस शोधयंत्र-जोडणी ही संज्ञा लावता येईल. येथे ‘शोधयंत्र’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. गूगल, बिंग यांसारखी संपूर्ण विश्वजालाचा धांडोळा घेणारी यंत्रे त्यात येतातच. पण एखाद्या ग्रंथालयाची तालिका, शब्दकोश, विश्वकोश किंवा वृत्तपत्राच्या जुन्या अंकांचा संग्रह, ज्याला शब्द देऊन उत्तर मागता येते असे कोणतेही संकेतस्थळ त्यात मोडते. ब्राउझरबरोबर आधीपासून बसवून आलेल्या शोधयंत्रास पूर्वनिर्धारित शोधयंत्र म्हणतात. जोडणीची क्रिया तांत्रिक दृष्ट्या अतिशय साधी असून एका पत्त्यात एक जागा रिकामी ठेवणे एवढेच तिचे स्वरूप आहे. तथापि ती रिकामी जागा कोणाच्या पत्त्यात असावी, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत अब्जावधी डॉलरांचे करार झाले आणि अमेरिका, यूरोप व भारत येथे मोठे कायदेशीर वाद उद्भवले.

तत्त्व : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत विश्वजालाची कल्पना मांडली व १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. प्रारंभीच्या एचटीएमएल या पृष्ठरचनेच्या भाषेत एखादे पान ‘शोधण्याजोगे’ आहे असे जाहीर करणारी एक खूण होती. अशा पानावर वाचकाने लिहिलेले शब्द ब्राउझर त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घालून त्यापुढे जोडीत असे व दोन शब्दांमधील मोकळ्या जागी अधिकचिन्ह टाकीत असे. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन उपयोजन केंद्राच्या मोझेक या ब्राउझरमध्ये भरावयाचे तक्ते (फॉर्म) आले आणि एका पानावर अनेक प्रकारची माहिती भरून पाठविणे शक्य झाले. परंतु शोधासाठी जुनी रीतच टिकली. प्रश्न पत्त्यातच लिहिला जातो, ही ती रीत होय.

त्या वेळी केवळ सोयीसाठी केलेल्या या योजनेचे परिणाम दूरगामी ठरले. प्रश्न पत्त्यातच असल्यामुळे उत्तराच्या पानास स्वतःचा पत्ता मिळतो. तो टिपून ठेवता येतो, दुसऱ्यास पाठविता येतो आणि त्यातील शोधशब्दाच्या जागी दुसरा शब्द घालून नवे उत्तर मिळविता येते. शोधशब्द काढून टाकून तेथे एखादी ठरावीक खूण ठेवली, की त्या पत्त्याचा साचा तयार होतो. असा साचा ब्राउझरजवळ असला, की खुणेच्या जागी वाचकाने लिहिलेले शब्द घालून पान मागविण्याचे काम तो यंत्रवत् करू शकतो. यासाठी संकेतस्थळाच्या चालकाची संमती, करार वा सहकार्य यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. शोधयंत्र-जोडणीचे सारे स्वातंत्र्य या एका गोष्टीवर उभे आहे.

पहिली किंमत : १९९४–९५ या काळात वेबक्रॉलर, लायकॉस, आल्टाव्हिस्टा ही शोधयंत्रे आणि याहू ही विषयवार सूची अस्तित्वात आली. त्याच सुमारास सर्वाधिक वापरात असलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या पट्टीवर शोधासाठी एक बटण होते. ते दाबले असता नेटस्केप कंपनीचे एक पान उघडे आणि त्यावर शोधयंत्रे मांडलेली असत. नवख्या वाचकाचा प्रवास बहुधा तेथूनच सुरू होई. १९९६ मध्ये ही जागा एकाच शोधयंत्रास देण्याचा नेटस्केपचा विचार होता. पण मागणी इतकी आली, की अखेर याहू, एक्साइट, इन्फोसीक, लायकॉस व मॅगेलन या पाच सेवांना आळीपाळीने ती देण्यात आली. त्यापोटी प्रत्येकीने वर्षाला ५० लक्ष डॉलर द्यावयाचे ठरले. वाचकाचा प्रश्न कोणाकडे वळवावयाचा याला बाजारभाव असतो, हे या व्यवहाराने प्रथमच स्पष्ट झाले.

पत्ता-पट्टीत पत्त्याऐवजी साधे शब्द लिहिले तर काय करावयाचे, हा त्याच्याच जोडीचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये काही काळ रिअलनेम्स या कंपनीची व्यवस्था होती. ही कंपनी शब्दांची नोंदणी करून घेई व नोंदलेला शब्द पत्ता-पट्टीत लिहिणाऱ्यास नोंदणी करणाऱ्याच्या संकेतस्थळावर नेई. मायक्रोसॉफ्टने करार पुढे न चालविल्यामुळे २००२ मध्ये ती बंद पडली. दुसऱ्याच्या ब्राउझरमधील एका पट्टीवर ज्याचा सारा व्यवसाय अवलंबून आहे, त्याची स्थिती किती नाजूक असते याचे हे उत्तम उदाहरण होय.

शेरलॉक व मायक्रॉफ्ट : वाचकास स्वतः शोधयंत्रे जोडता यावीत अशी व्यवस्था प्रथम ठळकपणे दिसली ती ब्राउझरमध्ये नव्हे, तर ॲपल कंपनीच्या शेरलॉक या शोधसाधनात. ऑक्टोबर १९९८ मधील मॅक ओएस ८·५ या प्रणालीबरोबर ते आले. संगणकावरील फायली व विश्वजालावरील संकेतस्थळे या दोहोंचा शोध त्यातून घेता येई. प्रत्येक संकेतस्थळासाठी साध्या मजकुराची एक लहानशी वर्णन-फाइल असे. शोधाचा पत्ता कोणता, शब्द कोणत्या नावाखाली पाठवावयाचा आणि आलेल्या पानात उत्तरांची यादी कोठे सुरू होऊन कोठे संपते, एवढे त्यात सांगितलेले असे. अशी फाइल लिहावयास कार्यक्रम-लेखनाचे ज्ञान लागत नसे. ठरावीक घडीत ती ठेवली की काम झाले. दोष एवढाच होता, की संकेतस्थळाने पानाची मांडणी बदलली म्हणजे उत्तरे ओळखण्याच्या खुणा चुकत आणि फाइल निरुपयोगी होई.

नेटस्केपच्या मूळ कार्यक्रमातून निघालेल्या मोझिला या मुक्त प्रकल्पाने शेरलॉकचीच घडी स्वीकारली. अशा वर्णन-फायली लिहिणे, जमविणे आणि बिघडलेल्या दुरुस्त करणे हे काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. त्यांच्या प्रकल्पाचे नाव मायक्रॉफ्ट. कॉनन डॉइलच्या कथांमधील शेरलॉक होम्सच्या, त्याच्याहूनही बुद्धिमान पण घराबाहेर फारसे न पडणाऱ्या थोरल्या भावाचे हे नाव आहे. कोशांपासून हवामानापर्यंत नाना विषयांच्या संकेतस्थळांची वर्णने या संग्रहात साठत गेली. ॲपलने स्वतः शेरलॉक २००७ मध्ये सोडून दिले. मायक्रॉफ्टचा संग्रह मात्र त्यानंतरही चालू राहिला.

याच सुमारास दुसरी, याहूनही साधी युक्ती रूढ झाली. मोझिलामध्ये वाचनखुणेस (बुकमार्कला) एक छोटा संकेतशब्द देता येई आणि त्या खुणेच्या पत्त्यात शोधशब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे इंग्रजी ‘एस’ हे अक्षर लिहून ठेवता येई. मग पत्ता-पट्टीत संकेतशब्द, मोकळी जागा व शोधशब्द असे लिहिले, की ब्राउझर थेट त्या संकेतस्थळावरील उत्तराचे पान आणीत असे. सी या कार्यक्रम-भाषेत मजकूर भरावयाची जागा दाखविण्यासाठी हीच खूण वापरतात. तेथूनच ती ब्राउझरमध्ये आली व आजतागायत टिकून आहे. लिनक्स प्रणालीवरील कॉन्करर या ब्राउझरमध्येही अपूर्णविरामाने संपणारे असेच संक्षेप होते. पत्ता-पट्टीवर हात बसलेल्या वाचकांना ही रीत इतकी सोयीची वाटली, की पुढील बहुतेक ब्राउझरांनी ती कोणत्या ना कोणत्या रूपात उचलली.

शोधपेटी : जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारी हा आपला ब्राउझर सादर केला. त्याच्या वरच्या पट्टीतच गूगलची शोधपेटी बसविलेली होती. ९ नोव्हेंबर २००४ रोजी मोझिला प्रतिष्ठानाचा फायरफॉक्स १·० प्रसिद्ध झाला व त्यातही उजव्या कोपऱ्यात शोधपेटी होती. दोन्ही पेट्या दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांत एक महत्त्वाचा भेद होता. फायरफॉक्सच्या पेटीस डावीकडे खाली उघडणारी यादी होती. तीत अनेक शोधयंत्रे असत आणि तळाशी आणखी शोधयंत्रे जोडण्याची ओळ असे. सफारीची पेटी एकाच शोधयंत्राची होती. वाचकास भर घालता येणारी यादी व उत्पादकाने ठरवून दिलेली यादी हा भेद पुढे वीस वर्षे टिकला, आणि या विषयाच्या इतिहासात त्याचे महत्त्व कोणत्याही तांत्रिक सुधारणेपेक्षा अधिक आहे.

ओपनसर्च : प्रत्येक ब्राउझरची वर्णन-फायलीची घडी वेगळी असणे गैरसोयीचे होते. मार्च २००५ मध्ये ॲमेझॉनच्या एनाइन या उपकंपनीने ओपनसर्च ही सर्वांना खुली अशी घडी जाहीर केली. तिच्या आखणीत डेविट क्लिंटन यांचा वाटा मोठा होता. एक्सएमएल भाषेतील या लहानशा दस्तऐवजात शोधयंत्राचे १६ अक्षरांपर्यंतचे छोटे नाव, त्याचे वर्णन, चिन्हचित्र, अक्षरांकनाची पद्धत आणि पत्त्याचा साचा एवढ्या गोष्टी असतात. साच्यातील रिकामी जागा महिरपी कंसातील ठरावीक शब्दाने दाखवितात. संकेतस्थळाने आपल्या पानाच्या शीर्षभागात या दस्तऐवजाचा एका ओळीत निर्देश केला, की येथे शोधयंत्र उपलब्ध आहे हे ब्राउझरला आपोआप कळते.

ऑक्टोबर २००६ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने इंटरनेट एक्सप्लोरर ७ व फायरफॉक्स २ प्रसिद्ध झाले आणि दोघांनीही ओपनसर्च स्वीकारले. एरवी एकमेकांशी कडवी स्पर्धा करणाऱ्या दोन ब्राउझरांनी प्रतिस्पर्धी शोधयंत्रांना प्रवेश देणारी एकच घडी मान्य करावी, ही घटना उल्लेखनीय होय. असे शोधयंत्र असलेले पान उघडले असता शोधपेटीवरील बाणाचा रंग पालटे व खालच्या यादीत ते जोडण्याची सूचना दिसे. ज्या संकेतस्थळाने वर्णन-दस्तऐवज दिलेला नाही, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक मजेदार सोय ठेवली होती. त्या संकेतस्थळावर ‘टेस्ट’ हा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत शोधावयाचा, उत्तराच्या पानाचा पत्ता उचलून मायक्रोसॉफ्टच्या तक्त्यात टाकावयाचा आणि नाव द्यावयाचे. ‘टेस्ट’ जेथे सापडेल तेथे रिकामी जागा धरून साचा तयार होई. पत्त्याची व्याकरणरचना मुळीच न जाणणाऱ्या माणसालाही त्यामुळे स्वतःचे शोधयंत्र जोडता येई. सामान्य वाचकासाठी इतकी सुबोध रीत नंतरच्या काळात क्वचितच आढळते.

त्याच वर्षी एक वाद झाला. इंटरनेट एक्सप्लोरर ७ च्या शोधपेटीत मायक्रोसॉफ्टचेच शोधयंत्र पूर्वनिर्धारित राहील अशी भीती गूगलने व्यक्त केली आणि पहिल्या वेळी वाचकासच विचारावे असा आग्रह धरला. शोधयंत्र बदलणे वाचकास पुरेसे सोपे आहे, असे म्हणून अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २००६ मध्ये हरकत घेण्याचे नाकारले. चौदा वर्षांनी याच विभागाने गूगलविरुद्ध दावा दाखल केला तेव्हा दोन्ही पक्षांच्या भूमिका बरोबर उलट झालेल्या होत्या.

एकत्र पट्टी व तिचे परिणाम : २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने क्रोम हा ब्राउझर प्रसिद्ध केला. त्यात पत्ता-पट्टी व शोधपेटी यांचे एकीकरण केलेले होते. एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहून टॅबची कळ दाबली, की पुढचे शब्द थेट त्या संकेतस्थळाच्या शोधयंत्राकडे जात. वाचकाने भेट दिलेल्या पानांवरील शोधयंत्रे क्रोम स्वतःच टिपून ठेवी. हातात काहीही न घेता यादी वाढत जाई. ही सोय कुशल होती यात शंका नाही. परंतु वेगळी शोधपेटी नाहीशी झाल्याने कोणते शोधयंत्र आपण वापरीत आहोत हे सांगणारे चिन्हही दृष्टीआड झाले. आपण ब्राउझरला विचारतो की गूगलला, हा भेदच अनेकांच्या मनातून पुसला गेला. फायरफॉक्सनेही नोव्हेंबर २०१७ पासून नव्या वापरणाऱ्यांसाठी वेगळी पेटी काढून टाकली.

शोधशब्द लिहीत असतानाच सूचना दाखविण्याची पद्धत २००६ पासून ब्राउझरांत रूढ होत गेली. तीमुळे अर्धवट लिहिलेला शब्दही पूर्वनिर्धारित शोधयंत्राकडे जाऊ लागला. एकत्र पट्टीत तर पत्ता लिहिणारा वाचकही नकळत शोधयंत्रास माहिती पुरवितो. पूर्वनिर्धारित जागेचे मोल यामुळे आणखी वाढले.

मोल वाढले तशी लूटही सुरू झाली. दुसराच एखादा कार्यक्रम संगणकावर बसविताना त्याच्याबरोबर शोधपट्टी बसविणे आणि वाचकाचे शोधयंत्र गुपचूप बदलणे, हा २०१० च्या आसपास मोठाच धंदा झाला. बदललेले शोधयंत्र पूर्ववत करणे अनेकांना जमत नसे. त्यावर उपाय म्हणून ब्राउझरच्या उत्पादकांनी जोडणीची दारे एकेक करून लहान केली. संकेतस्थळावरील एका बटणाने शोधयंत्र जोडण्याची जी सोय इंटरनेट एक्सप्लोरर ७ व फायरफॉक्स २ यांनी दिली होती, ती फायरफॉक्समध्ये २०२० मध्ये निष्प्रभ करण्यात आली. क्रोमनेही आपोआप टिपलेली शोधयंत्रे वाचकाने चालू केल्याखेरीज निष्क्रिय ठेवण्याचे धोरण पुढे स्वीकारले. संरक्षणाची गरज खरी होती. तथापि चोरासाठी लावलेल्या कुलपाने घरचा माणूसही बाहेर राहिला, असे या काळाचे वर्णन केल्यास ते अवास्तव ठरणार नाही.

पूर्वनिर्धारित जागेचा व्यापार : मोझिला प्रतिष्ठानाचा कारभार प्रामुख्याने शोधयंत्रांच्या पैशावर चालत आला आहे. २००६ च्या त्याच्या लेख्यांनुसार सु. ६·६८ कोटी डॉलर उत्पन्नापैकी सु. ८५ टक्के एकट्या गूगलकडून आले होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये मोझिलाने अमेरिकेपुरता याहूशी पाच वर्षांचा करार केला. रशियात यांडेक्स व चीनमध्ये बायडू यांना स्थान मिळाले. याहूकडे वळविलेल्या वाचकांपैकी पुष्कळांनी स्वतः होऊन पुन्हा गूगल निवडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मोझिलाने तो करार संपविला व गूगलची पुन्हा प्रतिष्ठापना केली. पूर्वनिर्धारित शोधयंत्र वाचक सहज बदलतात असे सांगणारे लोक या घटनेचा दाखला देतात. दुसऱ्या बाजूचा दाखला मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरचा आहे. तेथे बिंग पूर्वनिर्धारित असून त्या ब्राउझरमधील सु. ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एरवी बिंगचा वाटा त्याच्या कितीतरी खाली असतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने व काही राज्यांनी गूगलविरुद्ध दावा लावला. त्याच्या सुनावणीत या व्यापाराचे खरे आकारमान प्रथमच उघड झाले. पूर्वनिर्धारित जागांसाठी गूगलने २०२१ मध्ये एकूण २६·३ अब्ज डॉलर दिले होते व २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सु. २० अब्ज. नेटस्केपच्या पाच भागीदारांनी मिळून दिलेल्या वर्षाकाठच्या अडीच कोटी डॉलरांशी ही रक्कम ताडून पाहावी. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात गूगलने शोधक्षेत्रातील मक्तेदारी बेकायदेशीर रीतीने टिकविल्याचे ठरविले. अमेरिकेतील एकूण शोधांपैकी सु. निम्मे शोध अशा करारांखालील पूर्वनिर्धारित जागांमधून होतात, हा या निर्णयातील एक महत्त्वाचा निष्कर्ष होय. २ सप्टेंबर २०२५ रोजीच्या उपायविषयक निर्णयात अनन्य करारांना मनाई करण्यात आली. मात्र क्रोम विकण्याची सक्ती केली गेली नाही आणि पूर्वनिर्धारित जागेसाठी पैसे देण्यावरही सरसकट बंदी आली नाही. जागा विकत घेता येईल, पण एकट्यासाठी राखून ठेवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ आहे.

यूरोपीय आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी अँड्रॉइड प्रणालीसंबंधीच्या निर्बंधांबद्दल गूगलला ४·३४ अब्ज यूरो दंड केला. यूरोपीय सामान्य न्यायालयाने २०२२ मध्ये तो ४·१२५ अब्जांवर आणला. या कारवाईनंतर २०२० पासून यूरोपात नव्या अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर शोधयंत्राची निवड विचारणारा पडदा दिसू लागला. प्रारंभी त्या पडद्यावरील जागांचाही लिलाव होत असे. निवडीच्या हक्काचाच लिलाव मांडणे हे विसंगत आहे अशी टीका झाल्यावर सप्टेंबर २०२१ पासून लिलाव बंद करून १२ पर्यंत शोधयंत्रे विनामूल्य दाखविण्यात येऊ लागली. भारतात भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७·७६ कोटी रुपये दंड केला व भ्रमणध्वनी प्रथम सुरू करताना वाचकास पूर्वनिर्धारित शोधयंत्र निवडू द्यावे असा निर्देश दिला. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतात अशी निवड देण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम केला. आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द ठरविले.

या सर्व निर्णयांचा भर निवडीवर आहे, जोडणीवर नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. निवडीच्या पडद्यावर कोणती नावे असावीत हे वाचकाखेरीज दुसरेच कोणी ठरविते. पाच नावांऐवजी बारा नावे आली तरी तेराव्यास जागा नसते, आणि विद्यापीठाचा शब्दकोश किंवा जिल्हा ग्रंथालयाची तालिका त्या बारांत कधीच नसणार. मायक्रॉफ्टच्या स्वयंसेवकांनी जे स्वातंत्र्य गृहीत धरले होते ते याहून वेगळे होते. आयफोनवरील सफारीमध्ये डकडकगो हे नाव २०१४ मध्ये व इकोशिया हे नाव २०२० मध्ये दाखल झाले. दोन्ही वेळा ॲपलने यादी वाढविली, वाचकाने नव्हे. याउलट फायरफॉक्सच्या जून २०२५ मधील १४० व्या आवृत्तीत सेटिंगच्या पानावरून नाव, पत्ता व संकेतशब्द देऊन कोणतेही शोधयंत्र जोडण्याची सोय सर्वांना उघडपणे उपलब्ध झाली.

मराठी व शोधयंत्र-जोडणी : पत्त्यात मूळच्या नियमांनुसार केवळ इंग्रजी अक्षरे, अंक व काही चिन्हे चालतात. इतर लिपींतील अक्षरे टक्क्याचे चिन्ह व दोन षोडशमान अंक अशा गटांत रूपांतरित करावी लागतात. यूनिकोडच्या यूटीएफ-८ या अंकनात देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात व प्रत्येक बाइटास पत्त्यात तीन चिन्हे. ‘पुणे’ या शब्दात दोन व्यंजने व दोन मात्रा मिळून चार वर्णचिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची छत्तीस चिन्हे होतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात हलन्ताची चिन्हे धरून दहा वर्णचिन्हे असून पत्त्यात त्यांची नव्वद होतात. हे रूपांतर ब्राउझर आपण होऊन करतो. तथापि संकेतस्थळाचे व ब्राउझरचे अंकन एक नसल्यास शोध वाया जातो. ओपनसर्चच्या दस्तऐवजात अक्षरांकनाची नोंद ठेवण्याचे कारण हेच. देवनागरी यूनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून समाविष्ट असली, तरी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे कित्येक वर्षे आपापल्या खासगी टंकांत निघत. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी साठविलेले चिन्ह एखादे इंग्रजी अक्षर असे. त्या काळातील मजकुरात यूनिकोडमधील शब्द शोधणे निष्फळ ठरते व कोणतीही जोडणी तेथे उपयोगी पडत नाही.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या प्रणालीवर चालतो व ही प्रणाली ओपनसर्चचा दस्तऐवज आपण होऊन पुरविते; त्यामुळे तो ब्राउझरला जोडण्यास विशेष खटपट पडत नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय कोशसंग्रहात मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते व कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश शोधासाठी खुले आहेत. तेथे शब्द पत्त्यातूनच जातो. म्हणून मोल्सवर्थच्या पानावर एकदा एखादा शब्द शोधून, आलेल्या पत्त्यातील त्या शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह व ‘एस’ लिहून, त्यास दोन अक्षरी संकेतशब्द दिला, की पुढे पत्ता-पट्टीतूनच कोश उघडता येतो. क्रोम, एज व फायरफॉक्स यांच्या संगणकावरील आवृत्त्यांत हे करता येते. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्येही असे शोधयंत्र जोडण्याची सोय आहे. आयफोनवरील सफारीत मात्र मोल्सवर्थ शोधयंत्रांच्या यादीत घालता येत नाही.